गोव्यात राहायला आल्यावर कराटे-ज्युदोचा नवा क्लास कसा निवडावा

बदलीवर किंवा नोकरीसाठी गोव्यात आलेल्यांचा पहिला महिना भाड्याचं घर, गॅस आणि मुलांची शाळा यातच जातो. कराटेचा ड्रेस बॅगेच्या तळाशी पडून असतो. दुसऱ्या महिन्यात अंग आखडल्यासारखं वाटायला लागतं. मग मोबाइलवर जवळचा क्लास शोधायचा, पहिल्या नावाला फोन करायचा, तीन महिन्यांची फी एकदम भरून टाकायची, आणि पाऊस लागला की जाणं सुटतं.

पुण्या-मुंबईच्या मानाने गोव्यात पर्याय कमी, असा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. कराटे आणि तायक्वांदोचे क्लास इथे लहान-लहान गावांतही सापडतात. ज्युदो, बॉक्सिंग, वुशू मन लावून शिकवणारी माणसं आहेत. किनारपट्टीला मुए थाई, ब्राझिलियन जिउ-जित्सू आणि एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) शिकवणारी ठिकाणं आहेत. खरी अडचण पुढची आहे: यातला कोणता क्लास जुलैतल्या एखाद्या मंगळवारी, बाहेर पाऊस कोसळत असताना, सर स्वतः मॅटवर उभे राहून घेतात? नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी हाच प्रश्न धरून शोध घ्यायला सांगतो. शैलीचं नाव आणि भिंतीवरचे कप नंतर बघता येतात.

आधी आपल्याला काय हवंय ते ठरवा

'कराटे शिकत होतो' एवढं सांगून भागत नाही. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू आणि वादो-र्‍यू या कराटेच्या चार मोठ्या शैली. त्यांचे काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींचे संच, वेगळे, उभं राहण्याची ढब वेगळी. शोतोकानमध्ये पवित्रे लांब आणि खोल, गोजूमध्ये आखूड पवित्रे आणि श्वासावर भर. क्योकुशिनमध्ये तर अंगावर पूर्ण जोराने मारायचं असतं, फक्त हाताचा ठोसा चेहऱ्यावर चालत नाही. आपल्या जुन्या प्रमाणपत्रावर शैलीचं आणि संघटनेचं नाव काय आहे ते शोधून काढा. वर्षानुवर्षं शिकलेल्यांनाही पुष्कळदा ते सांगता येत नाही.

तायक्वांदोतही दोन घरं आहेत. एक ऑलिंपिकमध्ये दिसणारं, वर्ल्ड तायक्वांदोचं, ज्याची दान (काळ्या बेल्टच्या पायऱ्या) प्रमाणपत्रं दक्षिण कोरियातली कुक्कीवॉन ही संस्था देते. दुसरं १९६६ साली स्थापन झालेल्या आयटीएफचं (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन). एका घरातला विद्यार्थी दुसऱ्या घरात गेला की लाथा त्याच असतात, पण पूमसे जाऊन तुल येतात (कात्यासारखेच हालचालींचे संच) आणि लढतीचे नियम बदलतात.

मग हेतू. ऑलिंपिकपर्यंत वाट असलेला खेळ हवा असेल तर ज्युदो, बॉक्सिंग, तायक्वांदो. कराटे टोकियोत एकदाच आलं, २०२४च्या पॅरिस स्पर्धेत ते नव्हतं. दहावी-बारावीच्या मुलाला क्रीडागुण मिळावेत असं वाटत असेल तर क्लासची मुलं शालेय स्पर्धांत उतरतात का, हे विचारायला हवं. क्लासचे आपसातले कप तिथे कामाचे नाहीत. आणि चाळिशीनंतर गुडघे सांभाळून घाम गाळायचा असेल तर स्पर्धेत गाजलेला क्लास कदाचित तुमच्यासाठी सगळ्यात वाईट.

स्वसंरक्षणासाठी येणाऱ्यांना एकच सांगेन. विरोध करणाऱ्या माणसाबरोबर सराव होत नसेल, तर नाव काहीही असो, तो व्यायाम आहे. व्यायामात वाईट काही नाही, फक्त फी कशासाठी भरतोय ते माहीत असलं पाहिजे.

कोल्हापूरकडून आलेल्यांपैकी काहीजण मर्दानी खेळ खेळलेले असतात. तसा आखाडा इथे शेजारच्या वाड्यात मिळेल ही आशा धरू नका. पण लाठीमुळे आलेली पायांची चाल आणि अंतराचा अंदाज वाया जात नाही. इंडोनेशियाकडचं पेंचाक सिलाट आणि केरळचं कळरिपयट्टू हे दोन्ही प्रकार २०२३च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत होते. त्यांच्या स्थानिक सरावाची चौकशी करून बघायला हरकत नाही.

अंतर किलोमीटरवर मोजू नका

म्हापसा ते पणजी साधारण तेरा किलोमीटर. कागदावर हे काहीच नाही. संध्याकाळी सहाला पर्वरीच्या चढावर अडकलात की कळतं. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ला सुरू झाला तरी गर्दीच्या वेळी नदी ओलांडणं हे वेगळं कामच राहिलं आहे. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्ट करणाऱ्यांनी मडगाव आणि वास्को दोन्हीकडचे क्लास बघावेत, पणजीचा मोह टाळावा. मोपा विमानतळामुळे पेडण्यात राहायला आलेल्यांनी आधी पेडणे आणि म्हापसा धुंडाळावं.

जाण्यापेक्षा परत येणं महत्त्वाचं. क्लास साडेआठला सुटत असेल तर गावाकडची शेवटची बस किती वाजता आहे? खासगी बसेस रात्री लवकर विरळ होतात. स्कूटर असेल तर प्रश्न नाही, पण जूनमध्ये रेनकोट घालून, काळोखात, खड्ड्यांच्या रस्त्यावरून थकल्या अंगाने येणं जमणार आहे का, हे घरच्यांसमोर बसून ठरवा. माझा ठोकताळा असा: ऑफिस आणि घर यांच्या वाटेवरचा मध्यम क्लास हा वाट वाकडी करून जावं लागणाऱ्या उत्तम क्लासपेक्षा बरा. आठवड्यातून तीनदा जाणं झालं तरच सराव टिकतो, आणि पावसाळ्यात ते तीनदा फक्त वाटेवरच्या क्लासला होतं.

सीझनचा क्लास आणि बारमाही क्लास

पर्यटनामुळे ही गोष्ट गोव्यात जास्त जाणवते. हरमल, मांद्रे, मोरजी, हणजूण, आसगाव या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्चपर्यंत एक वेगळीच दुनिया असते. बाहेरून प्रशिक्षक येतात, दिवसाच्या किंवा आठवड्याच्या फीवर वर्ग चालतात, शिकायला येणारेही दहा-पंधरा दिवसांचे पाहुणे. त्यात काही शिकवणारे अफलातून असतात, एखाद्या मुए थाईवाल्याकडे एका हिवाळ्यात जे शिकायला मिळतं ते एरवी वर्षात मिळत नाही. तुमचा पाया पक्का असेल तर जरूर जा.

पण नवशिक्याने किंवा मुलाला घालणाऱ्या आईवडिलांनी जपून. एप्रिलमध्ये प्रशिक्षक गेला की मागे पत्र्याची शेड आणि लटकलेली पंचिंग बॅग उरते. म्हणून पहिल्या फोनलाच विचारायचं: जून ते सप्टेंबर क्लास कुठे आणि कोण घेतं? 'बघू, तेव्हा ठरवू' असं उत्तर आलं तर तो सीझनचा क्लास आहे असं समजून महिन्या-महिन्याची फी द्या, वर्षाची नको.

बारमाही क्लासचीही एक भानगड असते, ती म्हणजे हॉल. इथले बरेचसे क्लास शाळेच्या, पंचायतीच्या, देवळाच्या किंवा चर्चच्या सभागृहात भरतात. लग्नसराईत सभागृह लग्नाला जातं, जत्रेला-सप्ताहाला देवळाचं जातं, फेस्ताला चर्चचं, निवडणूक लागली की शाळेत मतदान केंद्र. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, तर सगळं गोवं आपापल्या मूळ घरी. या सुट्ट्या सगळ्यांनाच असतात, तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही. फक्त हॉल नसेल त्या दिवशी सर काय करतात ते विचारा. शाळेच्या व्हरांड्यात का होईना पण सराव घेणारा सर आणि व्हॉट्सॲपवर 'टुडे नो क्लास' टाकून मोकळा होणारा सर, यातला फरक वर्षाअखेर दिसतो.

नावं कुठून मिळवायची

मोबाइलवरच्या नकाशात दिसतात ते जाहिरात करणारे. वीस-पंचवीस वर्षं एकाच शाळेत संध्याकाळी शिकवणाऱ्या सरांचं तिथे नावही नसतं. त्यांना शोधायचं तर गोव्याच्या मराठी पेपरांचं क्रीडापान वाचा. गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत यांत बेल्ट परीक्षा आणि स्पर्धांच्या छोट्या बातम्या फोटोसकट येतात. दोन-तीन महिन्यांच्या बातम्या चाळल्या की कोणत्या भागात कोण शिकवतं, कुणाची मुलं राज्याबाहेर खेळायला जातात, हे समजतं. फोटोत थोरामोठ्यांचे सत्कारच दिसतात की मुलं, यावरूनही थोडं कळतं.

दुसरा मार्ग शाळांचे पीटी शिक्षक. त्यांना तालुक्यातले सगळे क्लास ठाऊक असतात आणि भिडेपोटी नाव सांगितलं नाही तरी चेहऱ्यावरून मत समजतं. तिसरा, म्हापशाचं पेडे क्रीडासंकुल किंवा कांपाल, नावेलीसारख्या ठिकाणची सरकारी क्रीडासंकुलं. गोवा क्रीडा प्राधिकरणाच्या अशा जागी कोणते सराव चालतात ते प्रत्यक्ष जाऊन कार्यालयात विचारा. सरकारी प्रशिक्षक मिळाला तर फी नाममात्र असते आणि मॅट बहुधा बरं असतं.

फोनवर काय विचारायचं

'कोणता बेल्ट देता?' हा पहिला प्रश्न नको. त्याने समोरचा तुम्हाला गिऱ्हाईक समजतो. साधं बोला: 'सर, मी सांगलीहून बदलून आलोय, तिकडे शोतोकान करत होतो, ब्राउन बेल्टपर्यंत. तुमचा क्लास एकदा बसून बघितला तर चालेल का?'

उत्तरापेक्षा उत्तराची तऱ्हा ऐका. 'या की, बुधवारी या, मोठ्यांचा बॅच असतो' हे चांगलं. 'आधी ॲडमिशन करा, मग बघा' म्हटलं तर धन्यवाद म्हणून फोन ठेवायचा. बघू न देण्याची कारणं निरनिराळी सांगतात, एकही पटण्याजोगं मी अजून ऐकलेलं नाही. पुढे विचारायच्या गोष्टी थोड्याच:

वर्ग स्वतः सर घेतात की सीनियर विद्यार्थी?
मोठ्यांचा वेगळा बॅच आहे का, की सात वर्षांच्या मुलांबरोबरच उभं राहायचं?
सराव जोडीने, विरोधासकट, आठवड्यातून किती दिवस?
महिन्याची फी सोडून वर्षात आणखी काय काय भरावं लागतं?

शेवटच्या प्रश्नावर अडून राहा. ड्रेस, संघटनेचं वार्षिक सदस्यत्व, परीक्षा फी, बेल्ट, प्रमाणपत्र, स्पर्धेची प्रवेश फी, शिबिर, गार्ड. महिन्याची फी कमी आणि दर तीन महिन्यांनी परीक्षा अशा क्लासात वर्षाचा आकडा मोठा निघतो. सगळं मिळून वर्षाला किती, हे सरांकडून एका वाक्यात वदवून घ्या.

बसून बघणं

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक हेच टाळतात. पूर्ण वर्ग बघायचा, सुरुवातीच्या नमस्कारापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत. परवानगी घेतली असली तरी दिवस न सांगता गेलात तर बरंच.

समजा तुम्ही फोंड्याकडच्या एखाद्या शाळेच्या सभागृहात कोपऱ्यातल्या बाकावर बसलात. पहिली वीस मिनिटं काही कळत नाही, वॉर्मअप सगळीकडे सारखाच. नजर काळ्या बेल्टवर जाते, ती तिथून काढून सगळ्यात कच्च्या विद्यार्थ्याकडे वळवा. सैल ड्रेस, बेल्टची गाठ दर दोन मिनिटांनी सुटते, लाथ मारताना तोल जातो. त्याच्याकडे कोण येतं? सर येऊन त्याचा मागचा पाय हाताने वळवून देतात आणि पुढच्या फेरीत तो पाय नीट पडला का हे लांबूनच बघून मान हलवतात, की 'अरे तू, मागे हो' म्हणून त्याला ओळीतून काढतात? एका तासात सर कितीजणांना नावाने हाक मारतात? ओळीच्या शेवटी उभ्या असलेल्यापर्यंत ते एकदा तरी पोचतात का?

मग स्पारिंग, म्हणजे जोडीने लढतीचा सराव. मोठा ब्राउन बेल्ट आणि नवखी मुलगी अशी जोडी लागली की बघण्यासारखं असतं. चांगल्या क्लासात तो आपला वेग उतरवतो, तिला दोनदा आत येऊ देतो, तिसऱ्यांदा हलकेच दाखवतो की तिचा हात खाली राहिला. वाईट क्लासात तो तिला भिंतीपर्यंत रेटत नेतो आणि बाकीचे हसतात. ग्रॅपलिंगच्या, म्हणजे पकडींच्या, वर्गात हार मानून हाताने थापटल्यावर (टॅप) पकड त्याच क्षणी सुटते का ते डोळ्यांत तेल घालून बघा. अर्धा सेकंद उशीर म्हणजे कोपराचा अस्थिबंध गेला. तिथे सर गप्प राहिले, तर इतर काहीही चांगलं असलं तरी त्या क्लासचा विचार सोडून द्या.

कुणाला डोक्याला लागलं तर काय होतं हेही दिसलं तर बघा. चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं वाटत असेल तर त्या माणसाचा सराव त्या दिवसापुरता संपला, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत स्पारिंग नाही. 'पाणी मार आणि उभा राहा' ही मर्दानगी नव्हे, अडाणीपणा आहे. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, १०८ला फोन कोण करतं, हे विचारल्यावर सरांना राग आला तर त्यांनी याचा विचार केलेला नाही असं समजा.

जमिनीकडेही बघा. फरशीवर अंथरलेल्या सतरंजीवर काता चालेल, फेकी नाही. ज्युदोचं मॅट साधारण चार सेंटीमीटर जाड असतं, तायक्वांदोचं त्याहून पातळ. जोडणीच्या मॅटचे दात सुटून मध्ये फट पडलेली असेल तर त्यात पायाचं बोट अडकतं, आणि अंगठा मुरगळल्यावर महिनाभर सराव बंद. हॉलमधला खांब, खिडकीची चौकट, स्टेजची कड यांना काही गुंडाळलंय का? लढतीच्या जागेपासून त्या किती लांब आहेत?

आणखी एक खूण. विश्रांतीच्या वेळी विद्यार्थी एकमेकांशी बोलतात का? तीन-चार वर्षं येणारी मोठी माणसं किती आहेत? दहावी झाली की सगळी मुलं क्लास सोडत असतील आणि पंचविशीपुढचं कुणीच नसेल, तर तो मुलांचा क्लास आहे. तुम्ही तिथे एकटे पडाल.

बेल्ट आणि प्रमाणपत्रं

तुमचा जुना बेल्ट नव्या ठिकाणी मानला जाईलच असं नाही. ज्युदोत आणि कुक्कीवॉनच्या तायक्वांदोत दान नोंदलेलं असतं, त्यामुळे ते सोबत येतं. कराटेत एकाच शैलीचं पण दुसऱ्या संघटनेचं असलं तरी अनेकदा नव्याने परीक्षा द्यावी लागते. शैलीच बदलली तर सफेद बेल्ट बांधून मागे उभं राहण्याची तयारी ठेवा. खरं सांगायचं तर तोच मार्ग सगळ्यात सोपा. तुम्हाला येतं की नाही हे पहिल्या पंधरा दिवसांत सगळ्यांना दिसतं, सर स्वतःहून बोलावून पुढे उभं करतात. उलट पहिल्या दिवशी ब्राउन बेल्ट बांधून गेलात आणि त्यांचा पहिला काताही येत नसला, की सगळ्यांचीच पंचाईत.

मात्र फुकट सूट देणाऱ्यापासून सावध. 'तुमचा ब्राउन आहे ना? पुढच्या महिन्यात परीक्षा आहे, ब्लॅक करून टाकू.' असं कुणी म्हणालं तर तो प्रमाणपत्र विकतोय.

सरांचं स्वतःचं दान कुणी दिलं हे विचारणं उद्धटपणा नाही, नीट विचारलं तर. 'सर, तुमचे गुरू कोण?' असा प्रश्न मराठीत कुणाला लागत नाही, बहुतेक सर मग अर्धा तास बोलतात. जिउ-जित्सूत तर ही परंपरा सांगणं रूढच आहे. तिथे मोठ्यांचे बेल्ट पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा असे पाचच, आणि काळ्यापर्यंत पोचायला बहुतेकांना आठ-दहा वर्षं लागतात. निळा बेल्टवाला शिकवत असेल तर वाईट नाही, किनाऱ्यावर किंवा लहान शहरात तसं असतं. त्याने ते लपवता कामा नये आणि त्याच्यावर कुणीतरी जाणकार असला पाहिजे. कुक्कीवॉनचं प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळता येतो.

आठ वर्षांचा ब्लॅक बेल्ट दिसला तर नीट विचारा. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्यांना दान नाही, पूम हा लहानांचा दर्जा मिळतो. ती व्यवस्था रीतसर आहे. पण दर तीन महिन्यांनी रंग बदलत दोन वर्षांत काळा, हा निव्वळ धंदा.

संघटनांच्या भांडणाबद्दल थोडं. कराटे आणि तायक्वांदो दोन्हींत राष्ट्रीय संघटनांच्या मान्यतेचे वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं चालले आहेत. त्यामुळे 'आमची संघटनाच खरी' हे तुम्हाला दोन्ही बाजूंकडून ऐकायला मिळेल. छंद म्हणून शिकणाऱ्याने यात पडूच नये. मुलगा खेळाडू व्हायचा असेल तर सध्या राज्याचा संघ कोणती संघटना निवडते एवढंच क्रीडा खात्याकडून विचारून घ्या, आणि दर वर्षी पुन्हा विचारा.

मुलांसाठी आणि बायकांसाठी

मुलांच्या क्लासात आईवडिलांना बसू द्यायला हवं, रोज नाही तरी केव्हाही. दार आतून बंद, पडदे ओढलेले, 'पालक आले की मुलं लाजतात' असं कारण, तर मूल तिथे घालू नका. सराव शिकवताना हात लावावा लागतो, पण सर आधी सांगून हात लावतात का आणि सगळ्यांदेखत का, हे बघा. एकट्या मुलाला वेगळं थांबवून घेणं, रात्री उशिरा वैयक्तिक मेसेज, शिबिराला नेताना सोबत बाई नसणं, यातलं एकही चालवून घ्यायचं नाही. गोव्याचा बालहक्क कायदा २००३चा आहे, पोक्सो २०१२चा, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतीची ओळ आहे. शिक्षा म्हणून पट्टीने किंवा बेल्टने मारणं ही परंपरा बिरंपरा काही नाही.

बायकांनी ट्रायलच्या दिवशी आधीच्या विद्यार्थिनींशी सर नसताना बोलावं. क्लासात बाई एकही नसेल तर नाकारायलाच हवं असं नाही, कुणीतरी पहिली असतेच. पण कपडे बदलायची जागा, क्लास सुटल्यावर पार्किंगमध्ये दिवा, आणि जोडी नाकारायची मुभा, या तिन्ही गोष्टी आधी स्पष्ट करून घ्या. जोडी नाकारायची मुभा पुरुषांनाही हवी.

पावसाळा, ओल आणि गजकर्ण

चार महिन्यांच्या दमट हवेत मॅट आणि ड्रेस हे दोन्ही बुरशीचं घर. ट्रायलला गेलात की मॅटचा एक कोपरा उचलून बघा, लाजू नका. खाली काळे ठिपके आणि कुबट वास असेल तर पुसणं वरच्यावर चाललंय. चांगल्या ठिकाणी वर्गानंतर ब्लीच घातलेल्या पाण्याने मॅट पुसतात, नखं कापलेली बघतात, आणि चप्पल घालून मॅटवर किंवा अनवाणी संडासात कुणी गेलं की ओरडा बसतो. असा ओरडा ऐकू आला तर आनंद माना.

अंगावर गोल, कडेने लाल, खाजरा चट्टा उठला तर ते बहुधा गजकर्ण. औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली मलमं लावू नका, खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी आणखी पसरते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत मॅटवर उतरू नका. बरे सर स्वतःच घरी पाठवतात.

ड्रेस दोन तरी हवेत. ज्युदोचा जाड गी जुलैत दोन-दोन दिवस वाळत नाही, पंख्याखाली टांगला तरी खांद्याला ओल राहतेच. कराटेवाल्यांनी पावसाळ्यापुरता हलक्या कापडाचा घ्यावा. बेल्टही धुवायचा असतो. तो धुतला की विद्या जाते असं सांगणारे सीनियर प्रत्येक क्लासात भेटतात, त्यांना हसून मान डोलवायची आणि घरी जाऊन धुवायचा.

ट्रायलचा आठवडा आणि पहिले तीन महिने

दोनच क्लास निवडून दोन्हीकडे ट्रायल करा, एकेका दिवसाची नव्हे, जमल्यास आठवडाभराची. पाचेक क्लास फिरलात तर गोंधळच वाढेल. ट्रायलला साधा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट पुरे, जुन्या क्लासचं चिन्ह असलेला ड्रेस आधी विचारून घाला. 'आमच्याकडे असं शिकवायचे' हे वाक्य पहिला महिना तोंडातून काढायचं नाही. इथली पद्धत आधी तशीच करून बघा, नंतर एकदा सरांना बाजूला विचारा.

भाषेची फार काळजी नको. डिचोली, साखळी, पेडणे, फोंडा इकडे मराठी सहज चालते, सासष्टीत (मडगावकडे) कोंकणी आणि इंग्रजी जास्त, आणि मॅटवरचे शब्द जपानी किंवा कोरियन. सरांना सरच म्हणा, बरोबरच्या वयाने मोठ्यांना दादा-ताई चालतं.

फी पहिले तीन महिने महिन्यालाच भरा, सवलत सोडावी लागली तरी. पावती किंवा यूपीआयची नोंद ठेवा. तीन महिन्यांत एक तरी पावसाळी आठवडा यावा अशी वेळ साधता आली तर उत्तम, म्हणजे मे-जूनमध्ये सुरू करणं चांगलं. तिसऱ्या महिन्याअखेर स्वतःला विचारा: वर्ग किती वेळा झाला आणि मी किती वेळा गेलो? सरांनी माझी एखादी चूक पकडली का जी आधीच्या क्लासात कुणी पकडली नव्हती? कुठे दुखतंय ते सरावाने की निष्काळजीपणाने?

नाही जमलं तर सोडा, पण नीट सोडा. व्हॉट्सॲप ग्रुपमधून गुपचूप बाहेर पडू नका. महिना पूर्ण करा, उरलेली फी चुकती करा, सरांना भेटून सांगा की वेळेचं जमत नाही किंवा दुसरी शैली करायची आहे. कारण खरं असेल तेवढंच सांगा, नव्या क्लासची स्तुती तिथे नको. गोवा लहान आहे. सहा महिन्यांनी पेडे क्रीडासंकुलात स्पर्धा असेल, तुमचा मुलगा मॅटवर उभा असेल आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर झेंडा घेऊन बसलेले पंच हेच सर असतील.